दुखवट्याची टोपी

गुंडा हवालदार चार वर्षं उघड्या डोक्यानं हिंडत होता आणि एवढ्या मोठ्या गावात एकालाही त्याचं कारण सुचलं नाही. सुचायला डोकं लागतं, आणि गावातली डोकी आपापल्या टोप्यांखाली अगदी व्यवस्थित झाकलेली होती.

गाव रहिमतपूरच्या पलीकडचं. दोन्ही अंगांना ऊस, मधून पाट, आणि घरटी एखादा तरी पलटणीत गेलेला. असल्या गावात म्हातारा माणूस टोपी काढतो ती अंघोळीला, नाहीतर मयताला. आता अडुसष्टीचा गडी, कडक इस्त्रीचा सदरा, पायांत पॉलिश केलेले बूट आणि वर भुंडं डोकं, हे काय दिसणं झालं? पण गाव हुशार. गावानं आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं, मिलिटरीच्या माणसाचं डोकं तापतंच. कुणी म्हणालं, टोपीनं केस जातात असं त्याला मोबाइलवर आलंय. शेजारचा जोतिबा चहाच्या टपरीवर बसून रोज एकच विनोद करायचा. "हवालदार, भेजा फ्राय हुईल गड्या. झाकण घाला की."

"वारा लागतोय, बरं वाटतंय," गुंडा म्हणायचा.

आणि सगळे हसायचे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते काय उगीच नाही. हसणाऱ्यांत एकानं जरी घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्या आईला विचारलं असतं, तरी तिनं चुलीपुढं बसल्या बसल्या उत्तर दिलं असतं. पण आईला विचारतंय कोण हल्ली!

उत्तर सरळ होतं. त्यांच्या भावकीत बायको वारली की नवऱ्याचं डोकं उघडं होतं आणि ते झाकायचा मान तिच्या माहेराचा. दहाव्याला तिचा भाऊ टॉवेल-टोपी घेऊन येतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, टोपी डोक्यावर ठेवतो, तोंडात गोडाचा घास घालतो. मग बाकीचे पाहुणे. तिथं दुखवटा फिटला. तो फिटेपर्यंत त्या माणसानं मांडवात उभं राहू नये, कुणाच्या शुभकार्याला हात लावू नये. आणि यातली मेख अशी की दुखवटा मागता येत नाही. ज्यानं आणायचा त्यानं आपल्या पायांनी आणायचा. मागितला की ती भीक झाली.

गुंडाची टोपी आटपाडीहून यायची होती. मेहुणा नाथाजी आणणार होता. ती आली नव्हती.

बायको, मनुबाई, गेली ती एकवीस सालच्या उन्हाळ्यात. तेव्हाचं आता कुणाला आठवायचं नसतं. सगळ्यांनी ते साल गुंडाळून माळ्यावर टाकलंय. चैत्रात आटपाडीला नाथाजीच्या पोराचं लग्न होतं. मोजक्या माणसांत करायचं म्हणाले आणि मोजक्याच्या नावाखाली निम्मा तालुका जेवला. मनुबाई सख्खी आत्या, ती थोडीच मागं राहणार? गुंडा नको म्हणत होता. तिनं एकदा कंबर कसली की ऐकायची नाही. एसटी बंद तर दुधाच्या टेम्पोतून गेली. टेम्पोवाल्याशी भांडून पुढची सीट मिळवली, आणि आली ती अंगात ताप घेऊनच. तिकडं नाथाजीचं सगळं घर आडवं झालं. इकडं मनुबाई धापा टाकायला लागली. साताऱ्यात खाट मिळेना. ॲम्ब्युलन्सवाल्यानं चार ठिकाणी फोन लावले आणि थेट सांगली गाठली.

आत सोडत नव्हते. गेटबाहेर लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली माणसं बसायची. गुंडाही बसला. एका नर्सनं दया येऊन आपल्या फोनवरून दोनदा बोलणं करून दिलं. पहिल्यांदा मनुबाई म्हणाली, "आवं, म्हशीची धार कोण काढतंय?" दुसऱ्यांदा तिला बोलवेना. नुसता श्वास ऐकू येत होता. गुंडा एकटाच बोलत राहिला. जोतिबाची बायको धार काढतीय, म्हैस दूध देतीय, तू काळजी करू नगंस. खरं तर म्हशीनं दूध चोरलं होतं. पण ते काय सांगायचं?

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

मागच्या दारानं बाहेर काढलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वरपासून खालपर्यंत चेन लावलेली. नखशिखांत झाकलेला एक पोरगा होता, नुसते डोळे दिसत होते, पण आवाज मऊ होता त्याचा. तो म्हणाला, "आजोबा, तोंड बघून घ्या. नंतर दाखवता येणार नाही." आणि त्यानं चेनीला हात घातला.

हा गुंडा हवालदार बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढलेला. कडा कोसळला तेव्हा आपल्या पलटणीतली पोरं त्यानं पाठुंगळी घेऊन खाली आणली होती. त्यांची तोंडं पुसली, डोळे मिटवले, साहेबापुढं उभं राहून एकेकाचं नाव सांगितलं. एकाकडंही पाठ फिरवली नव्हती. आणि त्या दिवशी त्या पोराचा हात चेनीवर गेला तशी गुंडानं मान वळवली.

"नगं," तो म्हणाला. "तीच हाय."

"बघितलंच नाही तुम्ही."

"तीच हाय म्हणलं न्हवं! बंद कर."

एवढंच झालं. पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी उरकलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बांधलेलं मडकं हातात आलं, ते त्यानं न उघडता कृष्णेत सोडलं. दहावा शेताच्या बांधावर झाला. सोबतीला एकटा जोतिबा, तोही नाकाला पंचा बांधून लांब उभा. पिंड ठेवायचा अवकाश, कावळा झेपावला. जोतिबा लांबून ओरडला, "वैनीची काय इच्छा ऱ्हायली न्हाई, हवालदार! लगीच शिवला बगा!" गुंडाच्या मनात आलं, गावजेवणं बंद, लग्नं बंद, श्राद्धं बंद. कावळा उपाशी असणार, दुसरं काय!

आणि टोपी आली नाही. रस्ते बंद होते, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस होते, नाथाजी खाटेवर होता. ते गुंडाला कळत होतं. महिन्याभरात येईल, असं तो स्वतःशी म्हणाला. वर्षश्राद्धाला तरी येईलच म्हणाला. लेक रेश्मा रहिमतपूरला दिलेली. तिच्याही घरात तेव्हा सगळ्यांना ताप. तिनं फोनवर विचारलं, "आबा, मामा येऊन गेला का?" नाथाजीची अब्रू राखायला गुंडा म्हणाला, "व्हय. झालं समदं." तोंडातनं गेलं ते गेलं. आता ते फिरवायचं कसं?

गावात आणखी ज्यांच्या बायका गेल्या त्यांनी केव्हाच आपापल्या टोप्या घातल्या. त्या सालात सगळं माफ, असं म्हणून मोकळे झाले. गुंडाला माफी घेता येईना. पलटणीनं लावलेली खोड. हुकूम आल्याशिवाय पहारा सोडायचा नाही.

एकदा त्यानं मन मोठं केलं. आपणच जाऊन यावं, नुसतं तोंड दाखवलं की नाथाजीला आपोआप आठवेल. एसटीत बसला, विट्यापर्यंत गेला. स्टँडवर चहा पिता पिता त्याला वाटलं, मी हे मागायलाच चाललोय की. दुसरं काय म्हणायचं याला? तो उठला आणि परतीच्या गाडीत बसला. घरी कुणी विचारायला नव्हतंच, कुठं गेला होता म्हणून.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढं कट्टा. भाकरी थापायला काही जमली नाही त्याला. पलटणीच्या लंगरातली सवय, चपात्या लाटायचा, जाड, एकेक फौजेला पुरेल अशी. म्हैस विकून टाकली. मनुबाईची साडी दांडीवर होती ती तिथंच राहिली, धुळीनं रंग गेला तरी काढली नाही. तसा तो वेडा झाला नव्हता. पेन्शन आणायचा, उसाला पाणी पाजायचा, पेपर वाचायचा. पण काही काही गोष्टी होत्या. रस्त्यानं ॲम्ब्युलन्स वाजत गेली की हा हातातलं काम टाकून उसात शिरायचा आणि आवाज पार विरल्यावर बाहेर यायचा. अंगाला कुसळं टोचलेली, पाती लागून गाल चरचरलेले. रेश्मानं दिवाळीला भारीतलं ब्लँकेट आणलं, चेनीच्या प्लास्टिक पिशवीत. गुंडानं ते पिशवीसकट अंगणात भिरकावलं. रेश्मा रडली. तिला वाटलं, आबांना माझ्या हातचं काही नको झालंय.

आणि फोन. फोन तो क्षणभर लांब ठेवायचा नाही. अनोळखी नंबर आला की उठून उभा राहायचा आणि पहिल्याच रिंगला, "हवालदार गुंडा बोलतोय." पलीकडं कुणी पोरगी असायची. सर, पर्सनल लोन हवंय का? सर, क्रेडिट कार्ड? गुंडा हळूहळू खाली बसायचा. मग म्हणायचा, "नगं बाई. तुझं जेवण झालं का?" बहुतेक पोरी फोन ठेवून द्यायच्या. एखादी चुकून झालं म्हणायची. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

फोन कुणाचा यायचा होता? ते त्यानं स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं. पण अर्धवट झोपेत एक विचार घोटाळायचा. त्या दिवशी मागच्या दाराला एक पिशवी नव्हती. रांग होती. चिठ्ठ्या लावणारं पोरगं दमलेलं होतं. आणि आपण बघितलं नाही. तोंड बघितलं नाही तर तीच होती हे कुणी सांगावं? उजाडलं की त्याला या विचाराची लाज वाटायची. लाज वाटायची म्हणून कुणाशी बोलता यायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

असा हा गाडा चालला होता. यंदाच्या वैशाखात रेश्माच्या लेकीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं.

रेश्मा आमंत्रण द्यायला आली ती हळद-कुंकू लावलेली पत्रिका, पेढे असं सगळं घेऊन. बापाच्या कट्ट्यावर पदर पसरून बसली. खुशीत होती पोर. मुलगा चांगला, पुण्याला नोकरीला. मांडव दारात घालायचा का कार्यालयात, जेवणात बुंदी का बासुंदी, सगळं एका दमात सांगून झालं.

"आबा, एक मागती. न्हाई म्हणायचं न्हाई."

"बोल की."

"पोरीच्या मागं मामा लागतो हुबा. माझ्या नशिबात भाऊ न्हाई. तवा शिवांजलीच्या मागं तुमी हुबं ऱ्हायचं. फेटेवाला सांगितलाय कोल्हापूरचा. तुमाला तुऱ्याचा फेटा बांधायचा, असं तिनंच सांगितलंय. आजोबा फौजेतल्यावानी दिसलं पायजेत, म्हणती."

नात गुंडाच्या खांद्यावर वाढलेली. तिला अक्षता पडतील तेव्हा आपण मागं उभं राहावं हे त्याला नको होतं का? पण न फिटलेल्या दुखवट्याचा माणूस नवरीच्या पाठीशी उभा राहिला आणि पोरीचं काही वाईट झालं तर? तसं बोलून दाखवायचं तर नाथाजी उघडा पडतो. मामानं चार वर्षं दुखवटा आणला नाही, हे लग्नघरात कळलं तर रेश्मा मामाला दारात उभा करायची नाही.

"मी मागं खुर्चीवर बसीन," तो म्हणाला. "मांडवात नगं. फेटाबी नगं."

"का पर?"

"गरम हुतंय."

आता तुम्हीच सांगा, कुठली लेक हे ऐकून घेईल? रेश्मा उठलीच. "गरम हुतंय! माझ्या पोरीच्या लग्नात तुमाला गरम हुतंय! ब्लँकेट फेकलं, गप बसले. सणाला या म्हणलं, आला न्हाईत, गप बसले. लोक म्हणत्यात, तुझ्या बापाचं डोस्कं फिरलंय, तेबी ऐकून घेतलं. आई गेली ती तिच्या मरणानं गेली. बाप मातर जित्तेपणी गेला माझा." केलेला चहा तसाच ठेवून ती निघाली. फाटकापाशी वळून म्हणाली, "मामाला बोलवायला आटपाडीला चाललीय. तुमाला यायचं तर या, न्हाई तर तुमची मर्जी."

चहावर साय धरली. गुंडानं तो तसाच गटारात ओतला. त्या दिवसानंतर रेश्माचा फोन आला नाही. शिवांजलीचा आला, "आजोबा, तुम्ही रागावलाय का माझ्यावर?" तो म्हणाला, न्हाई गं माझी बाय. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून कुठंतरी निघून जावं, पार गोंदवल्याला नाहीतर आणखी लांब, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

लग्न आठवड्यावर आलं आणि एका भर दुपारी फाटक वाजलं.

नाथाजी. धोतर, हातात काठी, काखेत पिशवी. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, एसटी बदलत बदलत उन्हातनं आलेला. चार वर्षांत फार वाळला होता. गुंडा कट्ट्यावरून उठला आणि उठून तसाच उभा राहिला. पाहुण्याला या म्हणायचं असतं, हेही विसरला.

नाथाजीनं त्याच्या डोक्याकडं बघितलं.

"रेश्मी सांगत हुती," तो म्हणाला. "आबा येड्यावानी उघड्या डोक्यानं हिंडत्यात म्हणली. दाजी, माझ्या हातनं तांब्या पडला. तिला काय ठावं न्हाई, पर मला कळलं."

"उन्हातनं आलाईस. आत ये. पाणी घे."

"पाणी नगं. आधी काम." दुखवटा घेऊन आलेला माणूस तो घालेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाही. नाथाजी कट्ट्यावर टेकला, पिशवीतून टॉवेल काढला, टोपी काढली. एका पुडीत गूळ होता. "दाजी, लगीन माझ्या घरचं. ताप माझ्या घरनं आला. माझ्या भनीला मी खाल्ली. कुठल्या तोंडानं टोपी घिऊन आलो असतो? तुमी दारातनं हाकलून दिलं असतं तर चांगलं झालं असतं म्हणा. पर तुमी या म्हणला असता तर? ते सोसलं नसतं मला. म्हणलं, दुसरं कुणीतरी घातलीच असंल. आसंच म्हणत ऱ्हायलो. बसा. खाली बसा दाजी."

चार वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. शिवांजलीच्या मागं उभं राहायचं होतं, रेश्माचं रडणं थांबायचं होतं, गावाची टिंगल बंद व्हायची होती. एवढंसं काम. खाली बसायचं आणि मान पुढं करायची.

गुंडा दोन पावलं मागं सरला.

"नगं," तो म्हणाला.

"दाजी, चूक झाली म्हणतोय न्हवं. पाया पडू का?"

"तसं न्हाई नाथा. ठिव ती पिशवीत. ठिव आधी!"

त्याचा आवाज चढला तशी जोतिबाची बायको कुडावरून डोकावली. म्हाताऱ्याचे ओठ सुकलेले बघून ती तांब्या-पेला घेऊन आली. नाथाजीनं हात जोडले, पाणी घेतलं नाही. तांब्या कट्ट्यावर ठेवून ती परत गेली. सावली सरकली, ऊन नाथाजीच्या पायांवर आलं, तरी तो मांडीवर टोपी घेऊन तसाच बसला. उठून जाईना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गुंडाची गत झाली. मेहुणा आपल्या दारात तहानेनं मरायचा. आणि टोपी घालून घ्यावी तर...

तर काय? आज पहिल्यांदा ते त्याला लख्ख कळलं. इतके दिवस तो समजत होता, टोपी येत नाही म्हणून आपण अडकलोय. तसं नव्हतं. टोपी येत नव्हती तेच बरं होतं. ती डोक्यावर आली की मनू गेली. टोपी नाही तोवर काही झालेलं नाही. तोवर फोन येऊ शकतो.

तो नाथाजीच्या शेजारी येऊन बसला. खाली बघतच बोलला.

"नाथा, मी तिचं तोंड बगितलं न्हाई रं."

नाथाजीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"त्यो पोरगा चेन उघडत हुता. म्हणला, बगून घ्या. मी म्हणलं, नगं, तीच हाय. पोरं खाली आणली बर्फातनं, एकाचं तोंड चुकवलं न्हाई. आन माझ्या बायकूचं चुकवलं. लय रांग हुती तितं. त्यात दुसरंच कोण असंल तर? दुसऱ्याच्या बाईला अग्नी दिला आसंल आन ही तिकडं कुठं... कुणाच्या घरात, डोस्कं बिघडून, नाव इसरून..." तो थांबला. मोठ्यानं म्हटल्यावर ते किती खुळ्यासारखं वाटतंय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. तरी त्यानं विचारलंच. "ती मनूच हुती का रं, नाथा?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हो हो, तीच होती, असलं मनात आणू नये. नाथाजी तसा माणूस नव्हता. तो म्हणाला, "मला काय इचारता दाजी? मी तरी कुठं हुतो? मी खाटंवर पडलो हुतो."

मग नाथाजीनंच काठी जमिनीवर टेकवत विचारलं.

"पर मला एक सांगा. मनी जित्ती असती, कुठंबी असती. डोस्कं बिघडलेली म्हणा, लंगडी म्हणा, पार काशीत म्हणा. आन तिला कळलं असतं की आपला दादला ह्या वयात उघड्या डोक्यानं गावभर हिंडतोय, आन लोक हसत्यात. ती बसली असती व्हय गप?"

गुंडा उत्तर द्यायला गेला आणि त्याला हसू आलं. खरंच आलं. कारण ती त्याला दिसलीच समोर. आडवा पदर खोचून, एसटीच्या कंडक्टरशी भांडत, वाटेतल्या माणसाला शिव्या देत, फाटकातनंच ओरडत आलेली. आवं, लाज हाय का काय! काय ध्यान करून घेतलंय हे!

"घर डोक्यावर घेतलं असतं तिनं," तो हसत म्हणाला.

"अनवाणी आली असती," नाथाजी म्हणाला. "टेम्पो मिळू दे न्हाई तर न मिळू दे."

"आली असती."

"आली न्हाई, दाजी," नाथाजी म्हणाला. "मला एवढंच कळतंय. चार वरसं झाली. ती आली न्हाई."

गुंडाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. फाटक उघडं होतं. त्यापलीकडचा रस्ता रिकामा होता. तो त्या रस्त्याकडं बघत राहिला, आणि बघता बघता त्यानं मान खाली घातली. नाथाजीकडं डोकं पुढं केलं.

नाथाजीनं टॉवेल खांद्यावर टाकला. डोक्यावर टोपी ठेवली, दोन्ही बाजूंनी ओढून नीट बसवली. गुळाचा खडा ओठांपाशी धरला. गुंडानं तोंड उघडलं, पण घास आत जायच्या आधीच आतून आवाज बाहेर पडला. असा आवाज त्या गावानं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गुरासारखा हंबरडा फोडला त्यानं. नाथाजीच्या गळ्यात पडून, दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरून, सगळी आळी हादरेल असा.

दुपारच्या शांततेत बायका दचकून उठल्या. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या हातात सूप, तशाच धावत फाटकापाशी आल्या. सगळ्यांच्या पुढं जोतिबाची बायको. तिनं दोन म्हातारे एकमेकांना धरून रडताना बघितले आणि छातीवर हात ठेवला.

"अगं बया! काय झालं? कोण गेलं, हवालदार?"

गुंडानं तोंड वर केलं.

"मनू," तो म्हणाला. "माझी मनू गेली गं."